विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम : दार खुले, वाट अवघड

घरबसल्या, शिकवणीचे शुल्क न भरता, देशातील नामवंत संस्थांच्या प्राध्यापकांकडून शिकण्याची सोय आज कोल्हापूर जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांतील विद्यार्थ्यांना उपलब्ध आहे. गारगोटीच्या विद्यार्थिनीला आयआयटीतील प्राध्यापकाची संख्याशास्त्रावरील व्याख्याने ऐकता येतात, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील तरुण कारागिराला ओतकामाचे शास्त्र मुळापासून समजून घेता येते. दोघांपुढेही प्रवेश परीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही आणि जागांची मर्यादाही नाही. तरीही अशा अभ्यासक्रमांना नाव नोंदवणाऱ्यांपैकी ते पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जगभर अत्यल्प राहिले आहे. दार उघडे असूनही आत येणारे थोडे आणि शेवटपर्यंत टिकणारे त्याहून थोडे, असे का व्हावे? मोफत शिक्षणाचा विचार शंभर वर्षांपूर्वी अमलात आणणाऱ्या कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. त्याच्या उत्तराचा मोठा भागही या शहराच्या इतिहासातच सापडतो.

संज्ञा आणि उगम

या अभ्यासक्रमांना इंग्रजीत ‘मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स’ म्हणतात. ‘मूक’ हा त्याचा संक्षेप जगभर रूढ झाला आहे. या नावातच त्यांची चार वैशिष्ट्ये सामावली आहेत. शिकणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा नसते, प्रवेशाला अट नसते, सारा व्यवहार महाजालावर चालतो आणि विषयाची मांडणी ठरावीक मुदतीच्या अभ्यासक्रमासारखी असते. यूट्यूबवरील सुटी व्याख्याने आणि ‘मूक’ यांत फरक करायला हवा तो या चौथ्या वैशिष्ट्यामुळे. ‘मूक’मध्ये दर आठवड्याला व्याख्यानांचा नवा भाग खुला होतो, त्यावर स्वाध्याय असतो, शंकांसाठी चर्चामंच असतो आणि शेवटी परीक्षा असते.

ही संज्ञा २००८ मध्ये कॅनडात जन्मली. जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठात चालवलेल्या एका अभ्यासक्रमाला शुल्क भरणारे २५ विद्यार्थी होते, तर महाजालावरून विनामूल्य सहभागी झालेल्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. या प्रयोगाला डेव्ह कॉर्मिअर यांनी ‘मूक’ हे नाव सुचवले. जगाचे लक्ष मात्र २०११ मध्ये वेधले गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदवली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, ‘कोर्सेरा’, ‘युडॅसिटी’ आणि हार्वर्ड व एमआयटी यांचा संयुक्त ‘एडएक्स’ हे तीन उपक्रम उभे राहिले. उच्च शिक्षणाचे स्वरूपच आता पालटणार आणि अनेक विद्यापीठे ओस पडणार, अशी भाकिते तेव्हा गंभीरपणे केली जात होती.

ती खरी ठरली नाहीत. अमेरिकेतील सॅन होजे राज्य विद्यापीठाने २०१३ मध्ये ‘युडॅसिटी’च्या साहाय्याने गणिताचे काही अभ्यासक्रम चालवून पाहिले. पहिल्या फेरीत उत्तीर्णांचे प्रमाण वर्गातील नेहमीच्या प्रमाणापेक्षा खूप कमी आल्याने विद्यापीठाला हा प्रयोग थांबवून फेरविचार करावा लागला. त्यानंतर ‘युडॅसिटी’ने आपला मोहरा कंपन्यांतील कर्मचाऱ्यांच्या सशुल्क प्रशिक्षणाकडे वळवला. ‘एडएक्स’ २०२१ मध्ये ‘टूयू’ या कंपनीला ८० कोटी डॉलरना विकले गेले आणि त्या कंपनीने २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. विनामूल्य ज्ञानाचा प्रवाह यामुळे आटला नाही. परंतु खासगी उपक्रमांत ‘विनामूल्य’ या शब्दाची व्याप्ती हळूहळू आकसत गेली. व्याख्याने पाहणे मोफत असले, तरी स्वाध्याय तपासून घेणे आणि प्रमाणपत्र मिळवणे यांसाठी पैसे पडू लागले.

भारतातील वाटचाल

भारताने या वाटेवर तुलनेने लवकर पाऊल टाकले होते. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला. नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करून ती देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना उपलब्ध करून देणे, हा त्याचा आरंभीचा उद्देश होता. २०१४ पासून त्यावर प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम सुरू झाले. पुढे ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचाचे उद्घाटन झाले. शालेय वर्गांपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतचे अभ्यासक्रम त्यावर आहेत. ‘एनपीटीईएल’, विद्यापीठ अनुदान आयोग, ‘इग्नू’, ‘एनसीईआरटी’ अशा नऊ संस्था राष्ट्रीय समन्वयक म्हणून त्याची जबाबदारी सांभाळतात. महाजालाची जोडणी नसलेल्यांसाठी त्याच दिवशी ‘स्वयम् प्रभा’ या नावाने ३२ दूरचित्रवाणी वाहिन्यांचीही सुरुवात झाली.

भारतीय व्यवस्थेचे खरे वैशिष्ट्य श्रेयांकांच्या हस्तांतरात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमाने एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंतचे विषय ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्यास मुभा दिली. २०२१ च्या विनियमाने ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक साठवण्यासाठी त्याच वर्षी ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ अस्तित्वात आली. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी सुरू झाल्यानंतर या तरतुदींना अधिक महत्त्व आले आहे. कारण या धोरणात मुख्य विषयाबरोबर अन्य शाखांतील विषय घेणे अपेक्षित आहे आणि लहान महाविद्यालयांना ते सगळे विषय स्वतः शिकवणे अवघड जाते.

कोल्हापूरसाठी संधी

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांत त्याचे कार्यक्षेत्र पसरले आहे. विद्यार्थ्यांत ग्रामीण भागातून येणाऱ्यांचा भरणा मोठा आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत अनेक विषयांना पूर्णवेळ प्राध्यापक नाहीत आणि पुष्कळसे अध्यापन तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर चालते. चंदगड किंवा शाहूवाडीच्या विद्यार्थ्याला विदाविज्ञान, पुरातत्त्व किंवा जर्मन भाषा शिकायची असेल, तर आजवर त्याला पुण्याची वाट धरावी लागे. तिथली खोली, खानावळ आणि प्रवास यांचा खर्च अनेक कुटुंबांना झेपत नाही. मुलींच्या बाबतीत तर खर्चाच्या आधी परवानगीचाच प्रश्न उभा राहतो. विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमाने यातील एक मोठा अडसर दूर केला आहे.

दुसरी संधी उद्योगांची. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्री व यंत्रभागांचे कारखाने आणि इचलकरंजीचे यंत्रमाग हे या जिल्ह्याचे वैभव. येथील कारागिरीची परंपरा मुख्यतः हाताने शिकण्याची आहे. उस्तादाजवळ राहून, बघून, चुकत चुकत शिकलेले मेस्त्री येथे पिढ्यान्‌पिढ्या घडले. परंतु ओतकामातील दोष का उद्भवतो, वितळलेला धातू साच्यात कसा थिजतो, संगणकनियंत्रित यंत्राला आज्ञा कशी द्यायची, हे नुसत्या सवयीने कळत नाही. या विषयांवर आयआयटीतील प्राध्यापकांचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. हाताला येणारे ज्ञान आणि ग्रंथातले ज्ञान यांची गाठ घालून देण्याची शक्यता त्यांच्यामुळे निर्माण झाली आहे.

तिसरी संधी खुद्द शिक्षकांची आहे. आपला विषय दुसरा कोणी अधिक चांगला कसा शिकवतो, हे पाहण्याची सोय लहान गावातील अध्यापकाला पूर्वी नव्हती. तीच व्याख्याने विद्यार्थ्यांना घरी पाहायला सांगून वर्गातील वेळ शंकांसाठी आणि उदाहरणे सोडवून घेण्यासाठी वापरता येतो.

गळतीचे गणित

संधी अशी व्यापक असली, तरी आकडे वेगळेच बोलतात. स्टॅनफर्डच्या २०११ मधील त्या पहिल्या गाजलेल्या अभ्यासक्रमातही शेवटपर्यंत टिकलेल्यांची संख्या सुमारे २० ते २३ हजार होती, म्हणजे नोंदणी केलेल्या दर सात-आठ जणांमागे एक. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या ‘एडएक्स’वरील अभ्यासक्रमांच्या २०१२ ते २०१८ या काळातील नोंदी जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंते यांनी तपासल्या. त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के जणांनी, अभ्यासक्रम एकदाही उघडून पाहिला नाही. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३.१३ टक्के होते. सहा वर्षांत मंच सुधारले, तंत्र सुधारले, पण गळती काही कमी झाली नाही.

या आकड्यांचा अर्थ लावताना थोडा विवेक हवा. नोंदणीला काही किंमत पडत नसल्याने अनेक जण केवळ कुतूहलाने डोकावतात. ग्रंथालयात पुस्तक चाळून परत ठेवणाऱ्याला कोणी नापास म्हणत नाही. काहींना सगळा अभ्यासक्रम नको असतो, त्यातले एखादेच प्रकरण हवे असते. त्याच अभ्यासात प्रमाणपत्रासाठी आधी पैसे भरणाऱ्यांपैकी ४६ टक्के जणांनी २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे दिसले. ज्याने पैसे भरले त्याने मनाशी काही ठरवले होते, असा याचा एक अर्थ. परंतु त्यातून एक अस्वस्थ करणारा निष्कर्षही निघतो. विनामूल्य शिक्षणाचा पुरेपूर लाभ पैसे भरू शकणारेच अधिक घेतात, असे हे चित्र आहे.

गळती रोखण्यासाठी सोपे उपायही करून पाहिले गेले. अभ्यासाचे वेळापत्रक स्वतः लिहून काढायला लावणे, या अभ्यासाचा आपल्या आयुष्याशी काय संबंध आहे ते लिहायला सांगणे, अशा लहान युक्त्यांचा प्रयोग सुमारे अडीचशे अभ्यासक्रमांत आणि अडीच लाख विद्यार्थ्यांवर झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीचे काही आठवडे विद्यार्थ्यांचा सहभाग किंचित वाढला, पण अभ्यासक्रम पूर्ण होण्यावर त्याचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. पडद्यावरची सूचना शेजारी बसलेल्या सोबत्याची जागा घेऊ शकत नाही, हेच त्यातून अधोरेखित झाले.

खुले, पण कोणासाठी?

‘कोर्सेरा’वरील विद्यार्थ्यांची पाहणी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये केली. तीत उत्तरे देणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जण आधीच पदवीधर असल्याचे आढळले. ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या देशांतील सुमारे ८० टक्के विद्यार्थी तेथील सर्वाधिक सधन आणि शिक्षित अशा ६ टक्के थरातून आलेले होते. ज्यांच्यापर्यंत शिक्षण पोहोचले नाही त्यांच्यासाठी उघडलेल्या दारातून, ज्यांच्याकडे ते आधीच होते तेच आत गेले.

कोल्हापूरच्या इतिहासात याला एक बोलका समांतर प्रसंग आहे. राजाराम कॉलेजला जोडून १८९६ मध्ये एक वसतिगृह सुरू झाले. ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी खुले होते. परंतु काही वर्षांतच तेथे ब्राह्मणेतर विद्यार्थी दिसेनासे झाले. नियमाने कोणाला मनाई नव्हती, तरीही ज्या घरांत शिक्षणाची परंपरा होती त्याच घरांतील मुले तेथे टिकली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यापासून जो धडा घेतला, तो पुढच्या दोन दशकांच्या त्यांच्या कामात दिसतो. ‘सर्वांसाठी खुले’ आणि ‘सर्वांना शक्य’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा तो धडा.

भाषेचा उंबरठा

कोल्हापूरच्या विद्यार्थ्यापुढचा पहिला उंबरठा भाषेचा आहे. ‘स्वयम्’वरील उच्च शिक्षणाचे बहुसंख्य अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी पाठ्यपुस्तक सावकाश वाचता येते. अडलेला शब्द शोधता येतो, परिच्छेद पुन्हा वाचता येतो. बोललेले इंग्रजी मात्र त्याच्या हातून निसटते. चर्चामंचावर प्रश्न विचारायचा तर तो इंग्रजीत लिहावा लागतो आणि चूक झाली तर हजारोंच्या देखत होईल, या संकोचाने तो विचारलाच जात नाही. ‘मूक’ या संक्षेपाचा मराठीतील अर्थ अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत शब्दशः खरा ठरतो.

भाषांतराचे प्रयत्न चालू आहेत. ‘एनपीटीईएल’च्या काही अभ्यासक्रमांचे लिखित रूप मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेही आठ भाषांत भाषांतराचा कार्यक्रम हाती घेतला, त्यांत मराठी आहे. या कामाचा वेग आता यंत्रभाषांतराने वाढेल. परंतु मराठीत आणलेली परिभाषा विद्यार्थ्याला इंग्रजी शब्दाहून परकी वाटू लागली, तर भाषांतराचा हेतूच फसतो. या दृष्टीने आयआयटी मुंबईतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभारलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प पाहण्यासारखा आहे. मुक्तस्रोत संगणक प्रणाली शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे त्यात आहेत. पडद्यावरची प्रणाली इंग्रजीतच राहते आणि निवेदन मराठीसह अनेक भाषांत ऐकता येते. विद्यार्थी धडा ऐकतो, थांबवतो आणि शेजारीच ती कृती स्वतः करून पाहतो. समजण्याची भाषा एक आणि कामाची भाषा दुसरी, ही आपल्याकडील वस्तुस्थिती या प्रकल्पाने तक्रार न करता स्वीकारली आहे.

साधन, वेळ आणि जागा

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्क्यांकडे संगणक होता आणि १४.९ टक्क्यांकडे महाजालाची सोय होती. त्यानंतर स्वस्त मोबाइल जोडणीमुळे महाजाल घरोघर पोहोचले, पण त्याबरोबर संगणक पोहोचला नाही. मोबाइलवर व्याख्यान पाहता येते, मात्र संगणकाची आज्ञावली लिहिणे, आलेख काढणे किंवा दीर्घ स्वाध्याय सोडवणे त्यावर कष्टाचे होते. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड या डोंगराळ भागांत, विशेषतः पावसाळ्यात, जोडणीचाही भरवसा नसतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर जिल्ह्यातील अनेक गावांचा संपर्कच तुटला होता. दर आठवड्याची स्वाध्यायाची मुदत मात्र पूर पाहून थांबत नाही.

साधनाइतकीच महत्त्वाची वेळ आणि जागा. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला आठवड्याकाठी अडीच-तीन तासांची व्याख्याने आणि वर स्वाध्याय, म्हणजे पाच-सहा तास काढावे लागतात. दोन खोल्यांच्या घरात, दूरचित्रवाणीचा आवाज चालू असताना, जनावरांच्या धारा आणि धाकट्या भावंडांचा अभ्यास सांभाळून हे तास मुलीला कोठून मिळावेत? कॉलेजला जाणे हे काम आहे, असे घर मानते. मोबाइलकडे पाहत बसणे हे काम आहे, हे घराला पटवून द्यावे लागते.

परीक्षा आणि मान्यता

‘एनपीटीईएल’च्या प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. परीक्षा ठरलेल्या केंद्रावर, पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली द्यावी लागते. बारा आठवड्यांच्या स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम आठ धरले जातात. उत्तीर्ण होण्यासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण हवेत. अभ्यासक्रम विनामूल्य असला, तरी परीक्षेचे शुल्क असते आणि मागास प्रवर्गांना त्यात सवलत मिळते. प्रमाणपत्राचे मोल टिकवणारी ही चौकट योग्यच आहे.

अडचण येते ती कागदी व्यवहारात. कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाच्या बदली चालेल, हे विद्यापीठ आणि महाविद्यालयाने आधी ठरवावे लागते. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारण एक, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला दोन आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला तीन श्रेयांक धरले जातात. मान्यतेची खात्री न करता अभ्यास केला, तर ज्ञान मिळते, पण श्रेयांक हुकतात. उलट, केवळ श्रेयांकांसाठी नोंदणी झाली की स्वाध्यायांची उत्तरे महाजालावर शोधून उतरवण्याचा मोह होतो. २०२२ च्या अखेरीस संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली सर्वांना खुल्या झाल्यावर हा मोह अधिकच सोपा झाला आहे. अशा विद्यार्थ्याची खरी स्थिती परीक्षा केंद्रावरच उघड होते.

शाहूकालीन धडा

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. परंतु हा कायदा येण्याच्या १६ वर्षे आधीच, १९०१ मध्ये, त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशा विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाने वसतिगृह निघाले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हटले जाते ते यामुळे. खेड्यातून आलेल्या मुलाला शुल्कमाफीबरोबर निवारा, जेवण, अभ्यासाची जागा, वेळेची शिस्त आणि आपल्यासारख्याच मुलांची सोबत लागते, हे महाराजांनी ओळखले होते. हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या आणि कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृह आणि ‘कमवा आणि शिका’ या दोन आधारांवर त्यांनी हाच विचार पुढे नेला.

ऑनलाइन अभ्यासक्रमांनी शुल्क शून्यावर आणले आणि अंतर मिटवले. वसतिगृहाने जे दिले, ते मात्र त्यांना देता आलेले नाही.

ज्या उपक्रमांनी ही उणीव भरून काढली, ते महाराष्ट्रात रुजले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. घरोघरी जाण्याची भाषा करणाऱ्या या विद्यापीठानेही मराठी पुस्तके, गावोगावची अभ्यासकेंद्रे आणि सुटीच्या दिवशीची संपर्कसत्रे यांचा आधार घेतला. दुसरे उदाहरण २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमाचे. तो विनामूल्य नव्हता आणि त्यातील माहिती दुर्मीळही नव्हती. तरीही लाखो मराठी तरुणांनी तो पूर्ण केला. तालुक्याच्या बाजारपेठेत केंद्र होते, संगणक समोर होता, ठरलेल्या वेळेची तुकडी होती, अडले तर सांगणारा माणूस होता आणि शासकीय नोकरीसाठी प्रमाणपत्र ग्राह्य होते. शुल्क घेणारा हा अभ्यासक्रम पूर्ण होतो आणि विनामूल्य अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटतो, यातील विरोधाभास केवळ वरवरचा आहे.

आयआयटी मुंबईचे प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने झालेल्या शिक्षक प्रशिक्षणातही हेच सूत्र होते. व्याख्यान पवईहून होई, पण ते ऐकणारे शिक्षक देशभरच्या महाविद्यालयांतील केंद्रांवर एकत्र जमत आणि सराव स्थानिक समन्वयकांच्या देखरेखीखाली होत असे. अध्यापक दूर असला तरी चालतो, सोबत मात्र जवळ लागते.

काय करता येईल?

कोल्हापूरला यासाठी नव्या इमारतींची गरज नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका शहरात आणि तालुक्यांच्या गावी आहेत. १८५० मध्ये स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरापासून गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांपर्यंत ग्रंथालयांचे जाळे आहे. संध्याकाळी रिकामे राहणारे महाविद्यालयांचे संगणक कक्ष आहेत. अशा एखाद्या ठिकाणी आठवड्यातून दोन संध्याकाळी, एकाच अभ्यासक्रमाला नाव घातलेले दहा-पंधरा विद्यार्थी एकत्र बसले आणि विषय जाणणारा एक शिक्षक त्यांच्यात असला, तर ‘वसतिगृह’ तयार झाले असे समजावे. या शिक्षकाने पुन्हा व्याख्यान देण्याची गरज नाही. अडलेला मुद्दा मराठीत उलगडणे, स्वाध्याय करवून घेणे आणि गैरहजर राहणाऱ्याची चौकशी करणे, एवढे त्याने केले तरी पुरे. ‘एनपीटीईएल’च्या स्थानिक केंद्रांच्या योजनेत महाविद्यालयीन समन्वयक आणि मार्गदर्शक यांची तरतूद आहेच. अभियांत्रिकी महाविद्यालयांत रुळलेली ही पद्धत कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांत नेणे हा पुढचा टप्पा ठरेल.

यात एक अट मात्र पाळावी लागेल. अशा शिक्षकाचे काम मोबदल्याचे आणि कार्यभारात मोजले जाणारे हवे. ऑनलाइन अभ्यासक्रम उपलब्ध आहे म्हणून रिक्त पद भरायचे नाही, असा हिशोब कोणी मांडू लागले, तर जे आज अपुरे आहे तेही नाहीसे होईल. प्राध्यापकांच्या संघटनांची या बाबतीतील शंका अनाठायी म्हणता येणार नाही. उद्योजकांनाही यात वाटा उचलता येईल. कामगाराला आठवड्यातून दोन तासांची सवलत आणि परीक्षेचे शुल्क देण्याचा खर्च नासलेल्या ओतीवांच्या तुलनेत किरकोळ ठरेल.

नाव नोंदवण्यापूर्वी

इच्छुक विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका सत्रात एकच अभ्यासक्रम घ्यावा. सुरुवात चार किंवा आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने करणे सोयीचे पडते. नोंदणीपूर्वी प्राध्यापकांचे एखादे व्याख्यान ऐकून भाषा आणि वेग आपल्याला झेपतो का, हे पाहावे. श्रेयांक हवे असतील, तर महाविद्यालयाकडून मान्यता आधी लेखी घ्यावी. परीक्षेच्या नोंदणीची शेवटची तारीख अभ्यासक्रमाच्या मध्येच येऊन जाते, ती पहिल्याच दिवशी टिपून ठेवावी. खासगी मंचांवर ‘विनामूल्य’ या शब्दाखाली नेमके काय मिळते, ते वाचूनच पुढे जावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निदान एक तरी सोबती शोधावा.

शंभर वर्षांपूर्वी करवीर संस्थानात शाळेचे शुल्क माफ झाले, तेव्हा खेड्यातील मूल केवळ त्या माफीने शिकले नाही. त्याला दसरा चौक परिसरातील एखाद्या वसतिगृहात पथारी टाकायला जागा मिळाली आणि सकाळी अभ्यासाला उठवणारे कोणीतरी होते, म्हणून ते शिकले. आज व्याख्यान मोबाइलवर पोहोचले आहे. उठवणाऱ्या माणसाची नेमणूक अजून बाकी आहे.